ऐकणाऱ्याची निष्ठा कोणाशी?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या सत्राचा विषय आहे मानसशास्त्र आणि मानसोपचाराच्या पदव्युत्तर शिक्षणातली नीतिमत्ता. मी या शाखेची पदवीधर नाही. मी अभियांत्रिकी शिकले, सॉफ्टवेअर लिहिणं हा माझा व्यवसाय आहे. या विषयाकडे मी वळले ते एका कामामुळे. आपल्या सल्ला केंद्राच्या नोंदी वह्यांमधून संगणकावर आणायच्या होत्या. असं काम हाती घेतलं की पहिला प्रश्न येतो, कोणती माहिती कोणाला दिसावी? एखाद्या बाईने सांगितलेली हकीकत कोण वाचू शकेल? तिच्याशी बोललेली कार्यकर्ती, की सगळेच कार्यकर्ते? अध्यक्षांना दिसावी का? देणगीदाराने अहवाल मागितला तर? याची उत्तरं सॉफ्टवेअरच्या पुस्तकात नव्हती. मानसशास्त्राचे विद्यार्थी जो नीतिशास्त्राचा पेपर देतात, त्यात ती होती. म्हणून मी तो वाचायला लागले, आणि मला वाटलं की हा पेपर आपण सगळ्यांनीच वाचायला हवा.

आधी हे शिक्षण काय असतं ते पाहू. मोहल्ल्यात कोणीही 'समुपदेशक' अशी पाटी लावू शकतो, असं आपण पाहतो. पण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. एम.ए.नंतर पूर्णवेळ दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम, त्यात जाणकाराच्या देखरेखीखाली रुग्णांबरोबर केलेलं काम, आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता, हा त्यातला मुख्य मार्ग. 'समुपदेशक' या शब्दाला या कायद्यात अशी व्याख्या नाही. २०२१ च्या अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांना नियमनाखाली आणायला सुरुवात केली. २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवणं थांबवायला सांगितलं. पोस्टाने नोट्स मागवून परीक्षा देता येते, पण समोर रडणाऱ्या माणसाबरोबर कसं बसायचं हे त्यातून शिकता येत नाही.

या शिक्षणात देखरेखीला फार महत्त्व आहे. विद्यार्थी रुग्णाशी बोलतो, मग आपल्या पर्यवेक्षकासमोर बसून त्या बोलण्याचा हिशेब देतो. इथे तू सल्ला का दिलास? इथे तुला राग आला, तो कोणाचा होता? हे आपल्या आवाक्याबाहेरचं आहे हे ओळखून तू पुढे का पाठवलं नाहीस? दोन वर्षं हे चालतं. कोड लिहिणाऱ्या आम्हा लोकांना हे ओळखीचं वाटेल, कारण आमचंही काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय पुढे जात नाही. फरक इतकाच की आमची चूक बहुतेक वेळा परत फिरवता येते.

नीतिशास्त्राच्या पेपरात पाच-सहा गोष्टी पुन्हा पुन्हा येतात. माणसाला समजेल अशा भाषेत सांगून घेतलेली संमती. गोपनीयता. आपल्या क्षमतेची मर्यादा. दुहेरी नातं टाळणं, म्हणजे ज्याच्याकडून उसने पैसे घेतले किंवा ज्याच्याशी सोयरीक आहे, त्याचा उपचारक न होणं. नोंदी नीट ठेवणं. आणि कोणाचंही नुकसान न करणं. यादी सोपी आहे. पण या सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. खोलीत बोलणारा आणि ऐकणारा असे दोघे बसलेले दिसतात. पण बहुतेक वेळा तिथे न दिसणारा एक तिसराही असतो. कधी फी देणारा बाप, कधी पगार देणारी कंपनी, कधी सरकार, कधी जमात. तर मग ऐकणाऱ्याची निष्ठा कोणाशी?

या प्रश्नाचं सर्वांत कडवट उत्तर अमेरिकेत मिळालं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर सीआयएने पकडलेल्या कैद्यांची चौकशी कशी करायची, हे ठरवण्याचं काम जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या दोन मानसशास्त्रज्ञांना दिलं. दोघेही डॉक्टरेट मिळवलेले. अमेरिकी सिनेटच्या समितीचा २०१४ चा अहवाल सांगतो की दोघांनाही प्रत्यक्ष चौकशीचा अनुभव नव्हता, आणि त्यांच्या कंपनीला एकूण ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. त्यांच्या पद्धतीमागची कल्पना मात्र विद्यापीठातून आली होती. १९६० च्या दशकात मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. सुटकेचा मार्गच नाही असे विजेचे धक्के बसलेला कुत्रा पुढे मार्ग मोकळा असला तरी प्रयत्न सोडून देतो, असं त्यांना दिसलं. याला 'शिकलेली असहायता' म्हणतात. नैराश्यात बुडालेला माणूस समजून घ्यायला या कल्पनेचा मोठा उपयोग झाला. तीच कल्पना उलटी फिरवून कैद्यांना असहाय करण्यासाठी वापरली गेली. अबू झुबेदा नावाच्या एका कैद्याला २००२ च्या ऑगस्ट महिन्यात ८३ वेळा पाण्याने गुदमरवलं गेलं.

दोन माणसं बिघडली, एवढ्यावर ही गोष्ट संपली असती तर ती पेपरात शिकवण्याइतकी महत्त्वाची ठरली नसती. पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन ही तिथल्या मानसशास्त्रज्ञांची सर्वांत मोठी संघटना. तिच्या २००२ च्या आचारसंहितेत एक कलम होतं. नीती आणि कायदा किंवा सरकारी आदेश यांच्यात विरोध आला आणि तो सुटला नाही, तर मानसशास्त्रज्ञ कायद्याचं पालन करू शकतो, असा त्याचा आशय. २००५ मध्ये संघटनेने एक कार्यदल नेमलं. त्यातले बहुसंख्य सदस्य लष्कर आणि गुप्तचर यंत्रणांशी जोडलेले होते. राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशीत मानसशास्त्रज्ञांनी काम करणं आचारसंहितेत बसतं, असा निर्वाळा त्या कार्यदलाने दिला. मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची संघटना वेगळी. तिने २००६ मध्ये आपल्या सदस्यांना अशा चौकशीत थेट भाग घ्यायला मनाई केली. म्हणजे काळ तोच, देश तोच, भीतीही तीच होती, आणि तरीही वेगळा निर्णय घेता येत होता.

मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेत मग जवळजवळ दहा वर्षं भांडण चाललं. कार्यदलातल्याच एक सदस्या, जीन मारिया अरिगो, यांनी आत काय घडलं ते उघडपणे सांगितलं. २०१० मध्ये ते कलम बदललं आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाचं समर्थन करायला ते वापरता येणार नाही, असं त्यात लिहिलं गेलं. २०१५ मध्ये डेव्हिड हॉफमन या वकिलांचा स्वतंत्र चौकशी अहवाल आला. नियम सैल राहावेत यासाठी संघटनेतल्या काही पदाधिकाऱ्यांनी संरक्षण खात्याशी संगनमत केलं, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संघटनेच्या परिषदेने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशीतल्या सहभागावर बंदी घातली. बाजूने १५७ मतं पडली, विरोधात एक.

ते कैदी मुसलमान होते म्हणून मी हे सांगत नाही. मुद्दा वेगळा आहे. त्या खोलीतला तिसरा कोणी खलनायक नव्हता. 'देशाची सुरक्षा' असं त्याचं नाव होतं. चांगल्या कामाचं नाव घेऊन तिसरा आत येतो तेव्हा त्याला दार दाखवणं सर्वांत अवघड असतं.

आता आपल्या देशात येऊ. २००० नंतरच्या दशकात नार्को चाचणी आणि ब्रेन मॅपिंग हे शब्द रोज टीव्हीवर ऐकू यायचे. आरोपीला सोडियम पेंटोथॉलचं इंजेक्शन देऊन अर्धवट शुद्धीत प्रश्न विचारायचे, ही नार्को. भूल द्यायला डॉक्टर, प्रश्न विचारायला न्यायवैद्यक मानसशास्त्रज्ञ. २००६ च्या मालेगाव बॉम्बस्फोट प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांपैकी काहींची अशी चाचणी झाली. २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्या खटल्यातल्या मुस्लिम आरोपींना दोषमुक्त केलं. मधली वर्षं कोणी परत देऊ शकलं नाही.

ब्रेन मॅपिंगमध्ये डोक्याला तारा लावून वाक्यं ऐकवतात आणि मेंदूच्या लहरींवरून 'हा अनुभव याला आहे' असं ठरवतात. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा देताना अशा चाचणीचा आधार घेतला. त्याच वर्षी बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने या तंत्राला शास्त्रीय आधार नाही, असा अहवाल दिला. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात निकाल दिला. संमतीशिवाय नार्को, पॉलिग्राफ किंवा ब्रेन मॅपिंग करणं संविधानाच्या कलम २०(३) आणि कलम २१ च्या विरोधात आहे, हे त्यात स्पष्ट झालं. ज्या दोन गोष्टी नीतिशास्त्राचा पहिलाच धडा सांगतो, शास्त्राला आधार हवा आणि माणसाची संमती हवी, त्या आपल्याकडे न्यायालयाला सांगाव्या लागल्या. प्रयोगशाळेत बसलेल्या मानसशास्त्रज्ञांनी आधीच 'हे आम्ही करणार नाही' म्हटलं असतं तर?

इथपर्यंत आपण सरकारकडे बोट दाखवत होतो आणि ते सोपं आहे. आता आपल्या घरात येऊ.

आपल्या समाजात मुलीला समुपदेशनाला कोण आणतं? बहुतेक वेळा बाप, भाऊ किंवा सासू. 'हिला समजवा' असं म्हणून. फी तेच देतात. मुलीला शिकायचं असतं, किंवा तिला ठरवलेलं लग्न नको असतं. अशा वेळी ऐकणारा कोणासाठी काम करतोय? २०१७ च्या कायद्याच्या कलम ३ मध्ये एक तरतूद आहे, ती आपण प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर लावावी अशी आहे. समाजातल्या प्रचलित नैतिक, सामाजिक, सांस्कृतिक, राजकीय मूल्यांशी किंवा धार्मिक श्रद्धांशी जुळत नाही, एवढ्यावरून कोणालाही मानसिक रुग्ण ठरवता येणार नाही. एखादा धार्मिक किंवा वांशिक गटाचा आहे म्हणूनही ठरवता येणार नाही. पहिलं वाक्य आपल्यातल्या वेगळं बोलणाऱ्यांना घरच्यांपासून वाचवतं, दुसरं आपल्या सगळ्यांना बाहेरच्यांपासून वाचवतं. एक हवं आणि दुसरं नको, असं म्हणता येत नाही.

दर्ग्यांचंही बोललं पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. आता कायद्याचं कलम ९५ कोणालाही साखळीने बांधायला मनाई करतं. पण 'दर्ग्यावर जाऊ नका' एवढं सांगून लोक थांबत नाहीत. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' हा उपक्रम उभा राहिला. मुजावर दुआ देतात आणि त्याच माणसाला दर्ग्याच्या आवारातल्या मनोविकार दवाखान्याकडे पाठवतात. मुजावरांनी आपल्या क्षमतेची मर्यादा ओळखली. हा नीतिशास्त्राच्या पेपरातलाच धडा आहे, आणि ते तो पेपर न देता शिकले.

आता सर्वांत जवळचा प्रश्न. आपल्या केंद्रात येणारी तलाकपीडित बहीण, मार खाऊन आलेली, मुलं माहेरी सोडून आलेली. तिच्यासमोर बसणारी आपली कार्यकर्ती मानसशास्त्र शिकलेली नसते, पण ती करते ते समुपदेशनच. आणि त्या खोलीतही एक तिसरा बसलेला असतो. तो तिसरा म्हणजे आपली चळवळ.

आपल्याला कायदा बदलायचा असतो. त्यासाठी उदाहरणं लागतात, पत्रकार परिषदेत बोलणारी बाई लागते, याचिकेत नाव लागतं. हे काम चांगलं आहे आणि मी त्याच्या बाजूची आहे. पण चांगल्या कामाच्या नावाने आलेल्या तिसऱ्याबद्दल मी मघाशी बोलले, ते आपल्यालाही लागू होतं. शहाबानो आठवा. १९८५ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, समाजाच्या दडपणाखाली, त्यांनी एका जाहीर पत्रावर अंगठा उमटवून तो निकाल नाकारला. सत्तरीच्या घरातली एक बाई, तिचं नाव दोन्ही बाजूंच्या घोषणांत. ज्यांनी दडपण आणलं त्यांचा दोष मोठा आहे, यात शंका नाही. पण तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनीही स्वतःला विचारावं, पुढचा त्रास सोसायला तिच्याबरोबर कोण होतं?

संमती म्हणजे हेच. मदत हवी म्हणून आलेल्या बाईला 'तुमची गोष्ट सभेत सांगू ना?' असं विचारलं तर ती हो म्हणेल. नाही म्हटलं तर मदत मिळणार नाही, असं तिला वाटतं. त्या होकाराला पेपरात संमती म्हणत नाहीत. आधी मदत पूर्ण व्हावी, मग काही दिवसांनी, दुसऱ्या व्यक्तीने, नकार दिला तरी काही बिघडणार नाही हे सांगून विचारावं. दिलेला होकार तिला कधीही परत घेता यावा.

सत्तेच्या शेजारी बसूनही निष्ठा सांभाळता येते, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसले, पण ते पोलिसांचे नोकर नव्हते. ते त्या बाईसाठी काम करत होते. पुढे हे काम राज्यभर पसरलं. जागा पोलिसांची आणि निष्ठा तक्रारदाराशी, ही मांडणी मुद्दाम करावी लागते, ती आपोआप होत नाही.

गोपनीयतेला मर्यादाही आहेत आणि पेपरात त्याही शिकवतात. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियात एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की तो एका तरुणीला मारणार आहे. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं. त्यांनी त्याला पकडून सोडून दिलं. त्या तरुणीला कोणीच काही सांगितलं नाही, आणि तिचा खून झाला. १९७६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने टारासॉफ खटल्यात सांगितलं की ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला वाचवण्यासाठी योग्य ती काळजी घेणं हे उपचारकाचं कर्तव्य आहे. आपल्या २०१७ च्या कायद्यातही कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं आणि जिवाला धोका असेल तेव्हाचे अपवादही सांगतं. लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो कायद्यानुसार ती कळवावीच लागते. म्हणून नियम असा की या मर्यादा पहिल्याच भेटीत सांगायच्या. सगळं ऐकून झाल्यावर 'आता मला हे कळवावं लागेल' म्हणणं हा विश्वासघात आहे.

शेवटी माझ्या क्षेत्राचं. मानसोपचाराची नोंद ही बँकेच्या खात्यासारखी नसते. पासवर्ड बदलता येतो, सांगितलेलं दुःख बदलता येत नाही. फिनलंडमध्ये वास्तामो नावाची मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिचा डेटाबेस पुरेशा संरक्षणाशिवाय ठेवलेला होता. २०२० मध्ये उघड झालं की सुमारे ३३ हजार रुग्णांची माहिती चोरीला गेली आहे. चोराने रुग्णांना थेट ईमेल पाठवून २०० युरो मागितले, नाहीतर तुमच्या उपचाराच्या नोंदी जाहीर करतो म्हणून. कंपनी बुडाली, पण लोकांनी बंद खोलीत सांगितलेल्या गोष्टी बाहेरच राहिल्या. अमेरिकेत बेटरहेल्प या ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिली, असा ठपका तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला आणि २०२३ मध्ये कंपनीला ७८ लाख डॉलर द्यायला लावले. एकीकडे निष्काळजीपणा होता, दुसरीकडे धंदा. दोन्हीकडे बोलणाऱ्याला वाटलं होतं की खोलीत आपण दोघेच आहोत.

आपल्याकडे डेटाबेसही लागत नाही, व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. 'अमुक गल्लीतली केस आली आहे, दोन मुलं, नवरा रिक्षा चालवतो.' नाव लिहिलं नाही म्हणून काय झालं? मोहल्ल्यात एवढ्यावरून घर सापडतं.

म्हणून आपल्या केंद्रासाठी मी काही गोष्टी सुचवते. एक, पहिल्या भेटीत गोपनीयता आणि तिच्या मर्यादा साध्या भाषेत सांगायच्या, मराठीत किंवा उर्दूत, जी तिची भाषा असेल तीत. दोन, नाव-पत्ता एका ठिकाणी आणि हकीकत दुसऱ्या ठिकाणी ठेवायची. हकीकत फक्त तिच्याशी बोलणाऱ्या कार्यकर्तीला आणि तिच्या पर्यवेक्षकाला दिसेल. अध्यक्षांना आणि देणगीदारांना फक्त आकडे. तीन, कोणी कोणती नोंद कधी उघडली याची आपोआप नोंद राहील. चार, ग्रुपवर कोणतीही केस नाही. पाच, महिन्यातून एकदा पात्र मानसशास्त्रज्ञाबरोबर पर्यवेक्षणाची बैठक. पहिल्या चार गोष्टींतलं संगणकाचं काम मी करून देऊ शकते. पाचवीसाठी माणसं हवीत.

आणि ती माणसं आपल्याला तयार करावी लागतील. आपल्या मुलामुलींना आपण इंजिनियर, डॉक्टर, शिक्षक होताना पाहतो. क्लिनिकल सायकॉलॉजीकडे वळणारे फार थोडे दिसतात. कोणी वळलं तर शिष्यवृत्तीसाठी आपण उभं राहू. पण त्यांना पाठवताना एक गोष्ट आपणही मनाशी ठरवावी. शिकून परत आलेली ती मुलगी आपली असेल, पण तिच्यासमोर बसलेल्या माणसाबद्दल ती आपल्याला काहीही सांगणार नाही. आपण तिची फी भरली असली तरी नाही. जमातीचे बुजुर्ग विचारतील, पोलीस विचारतील, आपण कार्यकर्तेही विचारू. तिने नाही म्हटलं तर तिचं शिक्षण नीट झालं असं समजावं.

अमानत हा शब्द आपल्या सगळ्यांच्या घरात लहानपणापासून असतो. ठेवायला दिलेली वस्तू ठेवणाऱ्याची होत नाही, हे आपल्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही. सांगितलेली गोष्टही तशीच. ती केंद्राची नाही, चळवळीची नाही, ज्याने सांगितली त्याची आहे.